उसना घेतलेला सीझर

१४५३ च्या मे महिन्यात कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडले आणि ऑगस्टसपासून आपली परंपरा सांगणारा पूर्वेकडचा शेवटचा सम्राट, अकरावा कॉन्स्टंटाइन, शहर राखताना मारला गेला. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये मिनो दा फिएसोले नावाचा विशीतला शिल्पकार एका सावकाराच्या मुलाचा संगमरवरी अर्धपुतळा घडवत होता. त्या मुलाचे नाव पिएरो दे मेदिची. पुतळ्याच्या बुडाशी कोरलेल्या लॅटिन मजकुरात त्याचे नाव, वडिलांचे नाव, ३७ हे वय आणि शिल्पकाराची सही आहे. पिएरोचा जन्म १४१६ चा, त्यावरून पुतळ्याचे साल ठरते. प्रबोधनकाळातला, ज्याचे साल खात्रीने सांगता येते असा हा पहिला संगमरवरी व्यक्तिपुतळा मानला जातो. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध काही नाही. पण त्या शेजारी मांडल्या की एक गोष्ट ठळक होते. रोमचे सम्राटपद जिथे खरोखर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते तिथे ते संपले. आणि जिथे त्यावर कुणाचा काडीचाही हक्क नव्हता, तिथे त्या सम्राटांच्या धाटणीचा चेहरा मागणारे लोक पुढे आले.

कलेच्या इतिहासात ही हकीकत बहुतेक वेळा पुनर्जन्माची म्हणून सांगतात. हरवलेली कला सापडली, मातीतून निघालेल्या रोमन मूर्ती पाहून शिल्पकारांना दृष्टी आली, असे. त्यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. रोमन मूर्ती त्याआधीही लोकांच्या डोळ्यांसमोर होत्याच. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२३१ मध्ये रोमन थाटाची सोन्याची नाणी पाडली होती, कापुआच्या वेशीवर रोमन वळणाचे अर्धपुतळे बसवले होते. त्याच्यामागे ती लाट ओसरून गेली. मार्कस ऑरेलियसचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा तर रोममध्ये कायम उभाच होता. तो पहिल्या ख्रिस्ती सम्राटाचा, कॉन्स्टंटाइनचा आहे अशी समजूत होती, म्हणून कुणी तो वितळवला नाही. समोर असलेली वस्तू हवीशी वाटायला आधी गरज उभी राहावी लागते. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्समध्ये ती गरज राजकीय होती.

माझे म्हणणे असे की रोमचा चेहरा तिथे दोन निरनिराळ्या गरजांपोटी मागितला गेला. काहींना आपल्या नागरिकपणाचा, जगलेल्या आयुष्याचा हिशेब दगडात हवा होता. काहींना नसलेल्या गादीचा दाखला हवा होता. सुमारे शंभर वर्षे या दोन गरजा एकाच प्रकारच्या दगडात, पुष्कळदा एकाच शिल्पकाराच्या हातून, नांदल्या. मग दुसरीने पहिलीला गिळले. त्या वेळी कारागिरी ऐन भरात होती, रोमचे ज्ञान पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले होते. आणि चेहरा मात्र हातातून निसटला.

मेदिचींची अडचण आधी समजून घ्यायला हवी. पिएरोचे वडील कोसिमो १४३४ मध्ये हद्दपारीतून परतले तेव्हापासून फ्लॉरेन्स त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. पण ते राजे नव्हते, सरदारही नव्हते. ते पेढीवाले होते. शहर कायद्याने प्रजासत्ताक होते. पदाधिकाऱ्यांची नावे पिशव्यांतून चिठ्ठ्या काढून ठरत. मेदिचींनी ही पद्धत मोडली नाही, पिशव्यांत कोणाच्या चिठ्ठ्या जातील एवढे हाताखाली ठेवले. अशा सत्तेला मुकुट घालता येत नाही, राजदंड धरता येत नाही, सिंहासनावर बसलेले चित्र काढून घेता येत नाही. तिला दिसायचे तर असते, पण सत्ता म्हणून दिसणे परवडत नाही. अर्धपुतळा या अडचणीवरचा नेमका तोडगा होता. त्यात सिंहासन नाही, हातच नाहीत म्हणून राजदंडाचा प्रश्न नाही. नुसते डोके आणि खांदे. पाहणाऱ्याला मात्र ते डोके कोणत्या घराण्याशी नाते सांगते आहे ते उमगते.

बार्जेल्लोच्या संग्रहालयातला हा पिएरो जवळून पाहिला की त्यातली सावधगिरी लक्षात येते. केस बारीक कापलेले, मान किंचित वळलेली आणि ताठ, पापण्या जड, ओठ मिटलेले. वेषात रोमन काहीही नाही. अंगावर फ्लॉरेन्सच्या श्रीमंत माणसाचा नक्षीदार अंगरखा आहे आणि त्याच्या पट्टीवर मेदिचींचे हिऱ्याच्या अंगठीचे चिन्ह कोरलेले आहे. मान मात्र सम्राटांची आहे. गाउटने इतका जखडलेला हा माणूस की इतिहासात त्याचे नावच ‘गाउटवाला पिएरो’ असे पडले. त्याचे दुखणे या दगडात शोधून सापडत नाही.

वास्तुकार फिलारेते याने १४६० च्या दशकात लिहिलेल्या ग्रंथात पिएरोचे एक वर्णन आहे. चालवत नसे तेव्हा तो स्वतःला अभ्यासिकेत उचलून न्यायला लावी. कधी ग्रंथ पाहत बसे, तर कधी सोन्या-चांदीच्या आणि ब्राँझच्या तुकड्यांवरचे सम्राटांचे व थोर पुरुषांचे चेहरे न्याहाळत दिवस घालवी. मला हे वर्णन या साऱ्या प्रकरणाच्या गाभ्याशी नेणारे वाटते. रोमन सम्राटांचे चेहरे त्या पिढीला आधी नाण्यांवरून ओळखीचे झाले. जमिनीतून निघालेली संगमरवरी डोकी बहुधा निनावी असत, नाक तुटलेली असत; नाण्यावर मात्र चेहऱ्याभोवती नाव असे. नेरो कसा दिसे, वेस्पेसियन कसा दिसे, हे नाणे छातीठोकपणे सांगे आणि मग त्याच्या आधाराने दगडातले डोके ओळखले जाई. आजारी माणसाच्या तळहातावर मावणाऱ्या त्या चकत्या हीच खरी मूळ प्रत. मिनोने जे केले ते एका अर्थाने नाण्यावरच्या चेहऱ्याला पाठ आणि खांदे देणे होते.

नाण्यावरच्या चेहऱ्याने माणसाला काही सांगावे, ही अपेक्षाही त्यापूर्वी शंभर वर्षे रुजली होती. १३५४ च्या डिसेंबरात कवी पेट्रार्क मांतुआमध्ये सम्राट चौथ्या चार्ल्सला भेटला तेव्हा त्याने सोन्या-चांदीची काही रोमन नाणी भेट दिली. त्यांत ऑगस्टसचा चेहरा होता. नुसती भेट देऊन तो थांबला नाही. ज्यांच्या जागेवर तू बसला आहेस ते हे, यांच्यासारखा हो, असे त्याने सम्राटाला बजावले. चेहरा हा उपदेश झाला. पुढे श्रीमंतांच्या घरांत रोमन चरित्रकार स्वेतोनियसच्या ग्रंथातल्या बारा सीझरांचे संच लागू लागले, नाण्यांत, उठावशिल्पांत, पुढे रंगचित्रांत. त्या बारांत कॅलिग्युला होता, नेरो होता, डोमिशियन होता. स्वेतोनियसने यांच्याबद्दल जे लिहिले आहे ते वाचून कुणी त्यांना घरात का ठेवावे, हा प्रश्न अगदी रास्त आहे. संच पुरा हवा ही संग्राहकाची हौस एवढे उत्तर मला पटत नाही. सद्‌गुणी माणसांची मालिका हवी असती तर ती सहज निवडता आली असती. हवी होती ती सत्तेची अखंड मालिका, एकामागून एक आलेली, ज्यात शेवटी आपलीही जागा रिकामी ठेवता येईल अशी.

फ्लॉरेन्समध्ये मात्र हे सरळपणे करणे अवघड होते, कारण या शहराला सीझरचे वावडे होते. लिओनार्दो ब्रुनी या इतिहासकाराने शहराची स्थापना रोमच्या प्रजासत्ताक काळात, सुल्लाच्या सैनिकांनी केली असे ठासून मांडले होते. आपण सम्राटांची नव्हे, स्वतंत्र नागरिकांची लेकरे आहोत हा त्यातला अभिमान. १४३५ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी आणि फेर्राराचा ग्वारिनो या विद्वानांत सीझर थोर की प्रजासत्ताकाचा सेनापती स्किपिओ थोर यावर पत्रांतून जोरदार वाद झाला. पोज्जो स्किपिओच्या बाजूने, सीझरला स्वातंत्र्याचा मारेकरी ठरवणारा; ग्वारिनो राजदरबारात नोकरीला असलेला, सीझरची बाजू घेणारा. हाच पोज्जो रोमन संगमरवरी डोक्यांसाठी जीव टाकत असे. आपल्या गावच्या घरी त्याने ती जमवली होती, आणि त्यांतले एक पाहून शिल्पकार डोनातेल्लोने वाखाणणी केल्याचे त्याने पत्रात कौतुकाने कळवले आहे. म्हणजे रोमचा दगड हवा, पण रोमचा बादशहा नको, अशी माणसे या शहरात होती, आणि ती साधीसुधी नव्हती.

त्यांनी रोमकडून दुसरीच गोष्ट घेतली. प्रजासत्ताक रोममध्ये मोठ्या घराण्यांच्या दिवाणखान्यात पूर्वजांचे मेणाचे मुखवटे ठेवत, याबद्दल थोरल्या प्लिनीने लिहिले आहे आणि ते फ्लॉरेन्सचे विद्वान वाचत होते. त्या काळातल्या रोमन मूर्तींत टक्कल, गळ्याच्या पोळ्या, चामखीळ, बसलेले गाल काही लपवलेले नसते. हा चेहरा सांगतो की मी इतकी वर्षे राज्याचे काम केले, ते माझ्या कातडीवर लिहिले आहे. फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याला, वैद्याला, वकिलाला हे चटकन भावले. शिवाय साच्यातून चेहरा उतरवण्याची पद्धत त्यांच्या घरची होती. देवळात नवसाच्या मेणमूर्ती वाहायची चाल तिथे जुनी; मृताच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेऊन मुखवटे करण्याचे लोण इतके पसरले की फ्लॉरेन्समधल्या घरांत चुलाण्यांवर, दारांवर, खिडक्यांवर अशी जिवंत वाटणारी डोकी मांडलेली दिसतात, असे कलावंतांचा चरित्रकार वासारी याने नोंदवले आहे.

अंतोनिओ रॉसेल्लिनोने १४५६ मध्ये घडवलेला जोव्हान्नी केल्लिनी हा वृद्ध वैद्य पाहा. तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जिवंत माणसाच्या चेहऱ्यावरून साचा घेऊन तो घडवला असावा असे जाणकार मानतात, इतकी त्यातली कातडी खरी आहे. याच केल्लिनीने त्याच वर्षी डोनातेल्लोवर उपचार केले आणि मोबदल्यात त्याच्याकडून मेरी व बाल येशूचे ब्राँझचे वर्तुळाकार शिल्प मिळाले, हे त्याने आपल्या जमाखर्चाच्या वहीत लिहून ठेवले आहे. दगडातला हा म्हातारा आणि वहीतला हा म्हातारा एकच आहेत, दोन्हीकडे नोंद चोख. रॉसेल्लिनोनेच १४६८ मध्ये मात्तेओ पालमिएरीचा पुतळा केला. औषधांचा व्यापारी, अनेक सरकारी पदे भूषवलेला, नागरिकाच्या जीवनावर ग्रंथ लिहिणारा हा माणूस. रुंद, जाड, देखणा म्हणता येणार नाही असा चेहरा. हा पुतळा त्याच्या घराच्या दारावर, रस्त्याच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या उभा होता. पावसाने नाकडोळ्यांच्या कडा झिजून गेल्या आहेत. नागरिकपणावर पुस्तक लिहिणाऱ्याने आपला चेहरा घरात न ठेवता रस्त्याकडे करून ठेवला, यात मला विचार दिसतो. बेनेदेत्तो दा मायानोच्या १४७४ च्या पिएत्रो मेल्लिनीचा अंगरखा भरजरी आहे आणि त्यावरचा चेहरा सुरकुत्यांनी शेतासारखा नांगरलेला आहे. शिल्पकाराने दोन्हींवर सारखीच मेहनत घेतली.

या पुतळ्यांचा आकारही रोमन नाही. रोमन अर्धपुतळा खाली गोलाकार कापलेला, मागून पोखरलेला आणि लहानशा बैठकीवर तोललेला असतो. फ्लॉरेन्सचे हे पुतळे दंडांच्या मध्यावर आडवे, सपाट कापलेले आहेत आणि थेट फळीवर किंवा दारावरच्या कोनाड्यात बसतात. हा आडवा छेद संतांच्या अवशेषपात्रांतून आला असावा. डोनातेल्लोने १४२० च्या दशकात संत रॉसोरेच्या कवटीसाठी सोन्याचा मुलामा दिलेले ब्राँझचे जे पात्र केले, ते संताच्या डोक्या-खांद्यांच्या आकाराचेच आहे. ज्या आकारात आजवर संतांची हाडे जपली त्या आकारात आता जिवंत व्यापारी बसू लागला. मला हा बदल रोमच्या अनुकरणापेक्षा मोठा वाटतो. रोमकडून चेहऱ्याचा खरेपणा आला, चर्चकडून पूज्यतेचा आकार आला आणि दोन्ही मिळून एका साध्या माणसाची गंभीर दखल घेतली गेली.

सुरकुत्यांना मी सत्य समजतो आहे का, असे कुणी विचारेल, आणि विचारायला हवेच. रोममध्येही सुरकुत्या हा राजकीय पवित्रा होता. ऑगस्टस पंचाहत्तरीला टेकून मेला, तरी त्याच्या मूर्ती अखेरपर्यंत तरुणच राहिल्या. नेरोनंतर यादवी झाली आणि इ. स. ६९ मध्ये वेस्पेसियन गादीवर आला तेव्हा त्याच्या शिल्पकारांनी त्याला टकला, जाड मानेचा, सुरकुतलेला दाखवला. मागच्या छानछोकीशी आपला संबंध नाही हे त्या चेहऱ्याने जाहीर केले. तेव्हा सुरकुत्या म्हणजे प्रामाणिकपणा आणि गुळगुळीतपणा म्हणजे लबाडी असे सरसकट समीकरण चालणार नाही. फरक माझ्या मते दुसरीकडे आहे. सुरकुतलेला चेहरा दावा करतो तेव्हा तो त्या एकट्या माणसाच्या नावावर करतो, आणि म्हणून तो दावा तपासता येतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना पालमिएरी ठाऊक होता. तरुण देवासारखा चेहरा पदाच्या नावावर बोलतो. तो खरा की खोटा हे ठरवायला शेजारी उपयोगाचे नाहीत.

हे दोन प्रकार एकाच शिल्पकाराच्या हातून कसे आले ते मिनोकडे परत गेले की दिसते. त्याने पिएरोचा धाकटा भाऊ जोव्हान्नी याचाही पुतळा केला, आणि त्याला रोमन चिलखत चढवले. जोव्हान्नी सेनापती नव्हता. पेढीचा वारस होता, संगीताचा आणि पुस्तकांचा शौकीन होता. मोठ्या भावाच्या मानेत जे सावधपणे सुचवले ते धाकट्याच्या छातीवर उघड मांडले गेले. पुढे १४६४ मध्ये याच मिनोने दिओतिसाल्वी नेरोनीचा पुतळा केला, जो लूव्ह्‌रमध्ये आहे. साठीतला, सुरकुतलेला नेरोनी, अंगावर रोमन धाटणीचे वस्त्र ओढलेले. तेव्हा तो मेदिचींचा विश्वासू सल्लागार होता. दोन वर्षांनी, १४६६ मध्ये, पिएरोविरुद्धच्या कटात सामील होऊन हद्दपार झाला. कट करणारे स्वतःला प्रजासत्ताकाचे रक्षक म्हणवत. त्या भांडणाच्या दोन्ही बाजूंना एकाच शिल्पकाराने रोम पुरवला होता.

सोळाव्या शतकात हा तोल गेला. १५३२ मध्ये प्रजासत्ताक संपून आलेस्सांद्रो दे मेदिची फ्लॉरेन्सचा ड्यूक झाला. १५३७ च्या जानेवारीत त्याच्याच नात्यातल्या लोरेंझिनोने त्याचा खून केला आणि त्याच घराण्यातल्या, पिएरोच्या वडिलांचेच नाव असलेल्या सतरा वर्षांच्या कोसिमोला गादीवर बसवण्यात आले. पोर आहे, हाताशी धरता येईल, असा शहरातल्या वडीलधाऱ्यांचा होरा होता. तो पुरता चुकला. ऑगस्टसलाही सीझरच्या खुनानंतर अठराव्या वर्षी असेच हिणवले गेले होते, आणि हे साम्य कोसिमोने वाया जाऊ दिले नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टच्या आरंभी त्याने मोन्तेमुर्लोला फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेल्या मेदिचीविरोधकांचे सैन्य मोडले. ती तिथी ऑगस्टसच्या विजयाशी जुळवून दाखवली गेली. ऑगस्टसने आपल्या नाण्यांवर मकर रास मिरवली होती आणि कोसिमोच्या पत्रिकेत मकर लग्न होते. ते मकराचे चिन्ह त्याच्या पदकांवर आले. युरोपभर हवाही तीच होती. ट्युनिस जिंकून आलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३६ मध्ये रोममध्ये प्राचीन सेनापतीसारखा कमानींखालून विजयप्रवेश केला होता, आणि कोसिमोची गादी त्याच्याच मेहेरबानीवर टिकून होती.

मग कोसिमोचे पुतळे आले. बाच्चो बांदिनेल्लीने त्याला संगमरवरात रोमन चिलखत घालून उभे केले. बेन्वेनुतो चेल्लिनीने १५४५ ते १५४७ या काळात ब्राँझमध्ये केले. त्याची संगमरवरी आवृत्ती सॅन फ्रान्सिस्कोत आहे. व्हिंचेन्झो दांतीने पुढे त्याला संगमरवरात चक्क ऑगस्टस म्हणून पुरा घडवला. यांत कसब कमी नाही. बांदिनेल्लीचा दगड तासून घासून इतका गुळगुळीत झाला आहे की त्यावर नजर घसरते. चेल्लिनीच्या पुतळ्यात डोके झटक्यात वळलेले, भुवया ताणलेल्या, छातीवरच्या चिलखतात किंचाळणारा मुखवटा. पण मी केल्लिनी किंवा मेल्लिनी पाहून या पुतळ्यांपुढे आलो की मला कोसिमो नावाचा माणूस भेटत नाही. तो काय खात असेल, कशाने चिडत असेल, रात्री झोप लागत असेल का, यातला एकही प्रश्न मनात उठत नाही. चिलखतच बोलते. १५५७ मध्ये चेल्लिनीचा हा पुतळा एल्बा बेटावर धाडला गेला आणि पोर्तोफेरायोच्या किल्ल्याच्या दारावर बसवला गेला. १७८१ पर्यंत तो तिथेच होता. कोसिमोने पुतळा दूर पाठवला म्हणजे त्याला तो आवडला नसावा, असे म्हणतात. मला वाटते त्याने पुतळ्याचे खरे काम ओळखले. तो पहारेकरी होता, आणि पहारेकऱ्याची जागा वेशीवर.

मायकेलअँजेलोने मेदिची प्रार्थनागृहात दोन मेदिची ड्यूकांना रोमन चिलखतात बसवले तेव्हा ते प्रत्यक्ष माणसांसारखे दिसत नाहीत अशी तक्रार झाली होती. हजार वर्षांनी ते कसे दिसत हे कुणाला कळणार आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याचे एका समकालीनाच्या पत्रात आहे. उत्तर मोठ्या शिल्पकाराला शोभणारे आहे, आणि मला ते मान्य नाही. केल्लिनी कसा दिसे हे साडेपाचशे वर्षांनंतर आपल्याला कळते आणि त्याने फरक पडतो. अर्थात चेहरा सगळीकडेच हरवला असे म्हणता येणार नाही. गुल्येल्मो देल्ला पोर्ताने घडवलेला पोप तिसरा पॉल, नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयातला, वाकलेला, दाढीवाला, थकलेला आणि तरी धूर्त म्हातारा आहे. पोपची गादी वारशाने मिळत नसे, म्हाताऱ्यांतून निवडून येई; म्हातारपण दाखवण्यात तिचे नुकसान नव्हते. ज्या राजाला आपल्यामागे घराणे उभे करायचे आहे त्याला मात्र वय परवडत नाही.

हे सगळे ज्या एका दगडात येऊन अडते तो मायकेलअँजेलोचा ब्रूटस. ड्यूकचा खून करणाऱ्या लोरेंझिनोला हद्दपार फ्लॉरेन्सकर नवा ब्रूटस म्हणत होते. त्याने स्वतःही तसे पदक पाडून घेतले होते: एका बाजूला स्वतःचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन खंजीर आणि मध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी, सीझरच्या खुनानंतर खऱ्या ब्रूटसने पाडलेल्या नाण्याची हुबेहूब नक्कल. याच लोरेंझिनोने १५३४ मध्ये रोममध्ये असताना कॉन्स्टंटाइनच्या कमानीवरच्या मूर्तींची डोकी फोडली होती आणि त्यापायी त्याला शहर सोडावे लागले होते. सम्राटांच्या कमानीवरची दगडी डोकी आधी, जिवंत ड्यूक नंतर. त्या काळात दगडी चेहऱ्याला किती गांभीर्याने घेतले जाई याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

हद्दपारांपैकी दोनातो जान्नोत्ती या विचारवंताच्या आग्रहावरून मायकेलअँजेलोने कार्डिनल निक्कोलो रिदोल्फीसाठी ब्रूटसचे काम हाती घेतले. १५४० च्या आसपास. काही अभ्यासकांच्या मते लोरेंझिनो १५४८ मध्ये व्हेनिसमध्ये मारला गेला त्यानंतर. आकार आता पूर्ण रोमन आहे, खाली गोल कापलेला, खांद्यावर वस्त्राच्या चुण्या, त्या अडकवणाऱ्या पिनेवर नाण्यासारखे इवलेसे डोके. वस्त्राचे बरेचसे काम शिष्य तिबेरिओ काल्काञीच्या हातचे आहे आणि ते नीटनेटके आहे. चेहरा गुरूचा. त्यावर दातेरी छिन्नीच्या बारीक रेघा तशाच आहेत, गालावरून, कपाळावरून, गळ्याच्या ताणलेल्या स्नायूवरून दिशा बदलत जाणाऱ्या, पेन्सिलीने छाया भरावी तशा. केसांचा तर अजून दगडच आहे. बांदिनेल्लीने जे घासून घालवले असते ते इथे शिल्लक आहे, आणि त्यामुळे हा चेहरा घडून संपलेला वाटत नाही, ठरवतो आहे असा वाटतो.

एका बाजूला झटकन वळलेले डोके, जाड मान, दाबून धरलेला राग, हे त्याने कुठून घेतले? जाणकारांनी बोट दाखवले आहे ते काराकाल्लाच्या मूर्तीकडे. सख्ख्या भावाचा जीव घेणारा, रोमच्या इतिहासातला एक अत्यंत क्रूर सम्राट. त्याचे कपाळावर आठ्या घालून मान वळवलेले डोके प्रबोधनकाळात सगळ्यांच्या परिचयाचे होते. जुलमी राजाचा वध करणाऱ्याला मायकेलअँजेलोने जुलमी राजाची मान दिली. चेल्लिनीच्या कोसिमोतही डोके तसेच वळते, हे लक्षात घेतले तर ड्यूक आणि ड्यूकविरोधक एकाच सम्राटाकडून उसनवारी करत होते. ही नकळत झालेली गोष्ट मी मानत नाही. जान्नोत्तीने १५४६ च्या सुमारास लिहिलेल्या संवादांत मायकेलअँजेलो हे पात्र आहे, आणि दान्तेने ब्रूटसला नरकाच्या तळाशी का टाकले यावर त्यात वाद होतो. जान्नोत्ती ब्रूटसची बाजू घेतो. मायकेलअँजेलो म्हणतो ते वेगळे: राज्याचा प्रमुख मारून त्यातून चांगलेच निघेल असे गृहीत धरणे हा मोठा अहंकार आहे. मित्रांनी नायकाचा पुतळा मागितला होता. त्याने माणूस दिला, ज्याच्यात मारण्याचे बळ आहे आणि ते बळ ज्याला मारायचे त्याच्यासारखेच आहे.

काळाने पुढे आणखी एक उलटापालट केली. हा ब्रूटस मेदिचींच्याच संग्रहात जाऊन पडला आणि त्याच्या बैठकीवर लॅटिन श्लोक बसवला गेला: शिल्पकार घडवत असता त्याला ब्रूटसचा गुन्हा आठवला आणि त्याने हात आवरला. अठराव्या शतकात एका इंग्रज उमरावाने उलट श्लोक रचून उत्तर दिले की ब्रूटसचे शील आठवून शिल्पकार थबकला. दोघांनाही अपुऱ्या दगडाचा अर्थ पुरा करायची घाई होती. मायकेलअँजेलोने कितीतरी कामे अर्धवट सोडली, त्यांतली बहुतेक गुन्हा किंवा शील आठवून सोडलेली नाहीत. आणि श्लोकाची गरज भासली हेच बोलके आहे. बांदिनेल्लीच्या कोसिमोखाली असा श्लोक कुणी लिहिला नाही, कारण तिथे मतभेदाला जागाच ठेवलेली नाही. पालमिएरीखाली लिहिला नाही, कारण तो रस्त्यातल्या कुणालाही दिसत होता तसाच होता. ब्रूटसपाशी मात्र सत्तेला स्वतः येऊन आपली बाजू दगडावर लिहावी लागली, आणि लिहूनही तिला शेवटचा शब्द मिळाला नाही.